परदेशात गाडी चालवायची? तयारी बेळगावातच करून जा

सांबऱ्याच्या विमानतळावरून परदेशी विमान उडत नाही, तरी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखाद्या घरातलं पोरगं दुबईला, म्युनिकला नाहीतर न्यू जर्सीला असल्याचं कळतंच. व्हीटीयू या इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाची पदवी घेऊन जर्मनीत शिकायला गेलेली मुलं आहेत, फाउंड्रीतला अनुभव गाठीशी बांधून आखातात गेलेले फिटर आहेत, आणि सुट्टीत लेकीकडे जाणारे आईबाप तर आहेतच. मे महिना जवळ आला की या घरांमधून एक प्रश्न हमखास फिरतो: तिकडे आपल्याला गाडी चालवता येईल का? आणि त्यावर ठरलेलं उत्तरही मिळतं, "लायसन हाय न्हवं ओ? मग आणि काय पाहिजे?"

पाहिजे बरंच काही. पण लोक ज्याची काळजी करतात ते एक आणि ज्याची करायला हवी ते दुसरंच. सगळे आरटीओचा कागद आणि उजवी-डावी बाजू एवढ्यातच अडकतात. कागद थोड्या दिवसांत हाती येतो. बाजूची सवयही लवकर लागते, फक्त ती कुठे दगा देते ते ठाऊक असावं लागतं. खरी गडबड होते ती चौकात आधी कुणी जायचं या प्रश्नावर. हे ठरवण्याची आपली रीत आणि तिकडची रीत मुळातच वेगळी आहे. त्यावर येऊच. आधी कागद, कारण त्यावाचून चावीच मिळणार नाही.

## आयडीपी म्हणजे नवं लायसन्स नव्हे

आंतरराष्ट्रीय वाहनपरवान्याला सगळे आयडीपी म्हणतात, आपणही तेच म्हणू. १९४९ साली जिनिव्हात रस्ते वाहतुकीचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात भारत आहे. त्या कराराने ठरवलेल्या नमुन्यात तुमच्या लायसन्सवरची माहिती अनेक भाषांत छापून देणारी पुस्तिका, एवढंच आयडीपीचं स्वरूप. ती एकटी दाखवून काही होत नाही, मूळ लायसन्सचं कार्ड सोबत लागतंच. डिजिलॉकर हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापुढे उभ्या पोलिसाला चालतं, फ्रँकफर्टच्या काउंटरवर चालत नाही. कार्ड घरच्या कपाटात आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो, अशा तयारीने गेलेल्यांना गाडी न घेताच बाहेर पडावं लागतं.

अर्ज लायसन्सच्या सारथी या सरकारी पोर्टलवर होतो, फॉर्म ४-ए. बेळगावकरांना केए-२२ चं आरटीओ कार्यालय, निपाणी-चिकोडीकडच्यांना केए-२३ चं. फी १००० रुपये. लायसन्स, पासपोर्ट, फोटो आणि तिकिटाची प्रत तयार ठेवा. अर्ज करताना व्हिसा हातात हवाच ही अट २०२१ मध्ये काढून टाकली, कारण कित्येक देश आता पोचल्यावर व्हिसा देतात. तरी व्हिसा आला असेल तर त्याची प्रत जोडलेली बरी. खिडकीपलीकडच्या माणसाला नवी अधिसूचना समजावत बसण्यापेक्षा एक झेरॉक्स स्वस्त पडते.

सीमाभागात यात एक जास्तीचा गुंता असतो. घर बेळगावात आणि लायसन्स मात्र चंदगड-शिनोळीकडच्या पत्त्यावर कोल्हापूरला काढलेलं, अशी मंडळी आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. पासपोर्टवर एक पत्ता, लायसन्सवर दुसरा. आयडीपीचा अर्ज राहत्या ठिकाणच्या कार्यालयात करायचा असल्याने हे आधी जुळवून घ्यावं लागतं, आणि त्यात आठवडे जातात. तिकीट काढल्यावर नव्हे, जायचं ठरल्याबरोबर लायसन्स उघडून पाहा.

मुदतही तेव्हाच पाहा. आयडीपी एक वर्ष चालतो, किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. पंचावन्न ओलांडलेल्यांचं लायसन्स आता पाचच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, त्यामुळे नातवाला भेटायला निघालेल्या आजोबांचं लायसन्स ऐन प्रवासात संपण्याची शक्यता बरीच. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं, ते उरकूनच आयडीपीचा अर्ज टाकावा.

दोन इशारे इथेच देऊन ठेवतो. एक, आयडीपी तुमचे अधिकार वाढवत नाही. लायसन्सवर फक्त चारचाकी असेल तर बालीत किंवा फुकेतला भाड्याने घेतलेली स्कूटर बेकायदा ठरते. दुकानदार ती आनंदाने देतो, हॉस्पिटलचं बिल आलं की विमा कंपनी हात वर करते. दुसरा, डॉलर घेऊन घरबसल्या "आंतरराष्ट्रीय लायसन्स" पाठवणारी संकेतस्थळं. त्यांची गुळगुळीत पुस्तिका दिसायला आयडीपीपेक्षा देखणी असते, कायद्यापुढे तिला किंमत शून्य.

## पाहुणा वेगळा, रहिवासी वेगळा

आयडीपी पाहुण्यासाठी आहे. हे न समजल्याने सर्वात जास्त फसतात ते नोकरीला आणि शिकायला जाणारे. दुबईत फिरायला गेलात तर भारतीय लायसन्स आणि आयडीपीवर भाड्याची गाडी चालवता येते. पण तोच माणूस तिथे नोकरीला लागला, रेसिडेन्स व्हिसा झाला, की त्याला तिथलंच लायसन्स काढावं लागतं. खिशात आयडीपी असला तरी तो विनालायसन्स धरला जातो. जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा देऊन तिथलं घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये ही सवलत बारा महिन्यांची आहे. जपानला १९४९ च्या कराराचाच आयडीपी लागतो, तो आपल्याकडे असतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. चीनच्या मुख्य भूमीत मात्र आयडीपी मानतच नाहीत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा, म्हणून ज्या राज्यात जाणार त्याच्या मोटार वाहन विभागाचं पान वाचूनच निघा.

नेपाळ आणि भूतानमध्ये आपलं भारतीय लायसन्स चालतं, आणि दोन्हीकडे गाडी डावीकडूनच. स्वतःची गाडी न्यायची तर सीमेवर परवाना काढावा लागतो, तेवढंच.

## चावी घेण्याआधी काउंटरवर

भाड्याच्या गाडीसाठी बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. मुलाच्या कार्डावर बापाला गाडी मिळत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे करारात ज्याचं नाव चालक म्हणून लिहिलंय, त्यानेच चालवायचं. आपल्याकडे चोर्ला घाटात कणकुंबीपर्यंत भाऊजी आणि पुढे मी, असं सहज होतं. तिकडे नाव नसलेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग असताना गाडी ठोकली, तर विमा गेलाच म्हणून समजा. दोघे चालवणार असाल तर थोडे पैसे जास्त भरून दोघांची नावं घालून घ्या.

विम्याच्या कागदावर "एक्सेस" हा शब्द शोधा. नुकसान झालं तर त्यातली पहिली इतकी रक्कम तुमच्या खिशातून जाणार, असा त्याचा अर्थ. ही रक्कम हजार युरोच्या घरात असू शकते. काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग पुष्कळदा विम्यातून वगळलेला असतो. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, रिम आणि काचेसकट, व्हिडिओ काढा. काउंटरवरचा माणूस घाई करतो, करू द्या.

पेट्रोल पुष्कळ ठिकाणी आपणच भरायचं असतं, आणि इथे आपली माणसं हमखास गोंधळतात. ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची आणि काळी डिझेलची. अमेरिकेत हिरवी नळी बहुधा डिझेलची. रंगावर विसंबू नका, टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं वाचा. चुकीचं इंधन गेलं तर इंजिन सुरू न करता कंपनीला फोन करायचा.

## बाजू बदलते तेव्हा नेमकं काय बदलतं

आखात, युरोपची मुख्य भूमी आणि अमेरिका इथे वाहतूक उजवीकडून, चालक डावीकडे. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, जपान, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, श्रीलंका आपल्यासारखेच डावीकडून.

एक खूण दोन्हीकडे लागू पडते: चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसलेला असतो. तुम्ही कडेच्या बाजूला बसलेले दिसलात तर तुम्ही चुकीच्या लेनमध्ये आहात. हे एकच लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं.

भर वाहतुकीत माणूस सहसा चुकत नाही, पुढच्या गाडीच्या मागे मागे जातो. चूक होते रिकाम्या रस्त्यावर. सकाळी हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडताना, पेट्रोल पंपावरून पुन्हा रस्त्याला लागताना, अरुंद पूल ओलांडून झाल्यावर, फोटो काढायला थांबून पुन्हा निघताना. समोर कुणी नसतं आणि हात जुन्या सवयीने गाडी डावीकडे घेतात. म्हणून शेजारी बसणाऱ्याला एक काम द्या: गाडी जिथे जिथे थांबून पुन्हा निघेल तिथे मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. बायको म्हणाली तर राग मानू नका.

गाडीच्या आतही गंमत असते. मारुती किंवा ह्युंदाईत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत ती डाव्या हाताला असते, आणि उजवीकडे वायपर. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरतात. हे हसण्यावारी जातं. पण गाडीच्या रुंदीचा अंदाज चुकतो तो हसण्यावारी जात नाही. आपल्या अंगाच्या उजवीकडे गाडी थोडीच उरते या सवयीने आपण नकळत उजवीकडे सरकतो, आणि कडेला उभ्या गाड्यांचे आरसे नाहीतर फुटपाथची कड गाठतो. पहिला अर्धा तास मोकळ्या पार्किंगमध्ये घालवा. आरसे, सीट, दिवे, हँडब्रेक, रिव्हर्स गिअर, सगळं उभ्या गाडीत करून पाहा. गिअरही आता उजव्या हाताने टाकायचे असतात. ते जड जाईल असं वाटलं तर बुकिंग करतानाच ऑटोमॅटिक मागा. युरोपात न मागता बहुधा गिअरची गाडी मिळते.

पायी चालतानाही हाच धोका आहे. रस्ता ओलांडताना आपली मान आधी उजवीकडे वळते, आणि तिकडे गाडी डावीकडून येते.

## आधी कोण जाणार?

आता मुद्द्याचं. गोवावेसच्या सर्कलला संध्याकाळी सहा वाजता उभे राहून पाहा. कोण आधी जाणार हे नजरेवर ठरतं. रिक्षावाला जरासं पुढे घेतो, स्कूटरवाली त्याच्याकडे बघून थांबते, बस हॉर्न देते, आणि बस मोठी म्हणून बाकीचे थबकतात. ही सगळी वाटाघाट आहे, आणि आपण त्यात तरबेज आहोत. आपलं मन सतत विचारत असतं: समोरचा थांबेल का?

तिकडचा चालक हे विचारतच नाही. बँकेत टोकन घेऊन बसल्यावर आपला नंबर लागला की आपण शेजाऱ्याकडे न बघता उठतो, तसं तिथे चौकात चालतं. ज्याचा हक्क तो वेग कमी न करता जातो, कारण दुसरा थांबणारच हे त्याने गृहीत धरलेलं असतं. तुम्ही इथल्यासारखी गाडी जरा पुढे सरकवून अंदाज घेतलात तर तो ब्रेक मारणार नाही, त्याला ते अपेक्षितच नसतं. आपली माणसं तिकडे ठोकतात ती बरेचदा अशी. आणि उलटही होतं: आपला हक्क असताना आपण भिडस्तपणे थांबतो आणि मागचा येऊन आदळतो. माझ्या मते उजव्या-डाव्या बाजूपेक्षा हा फरक कितीतरी जास्त घातक आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून ज्या देशात जाणार तिथले हक्काचे नियम पाठ करा. फ्रान्स आणि जर्मनीत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बारीकशा गल्लीतून का येईना. अमेरिकेत चारी बाजूंना थांबा-पाटी असलेला चौक असतो: चाकं पूर्ण थांबवायची, जो आधी येऊन थांबला तो आधी निघणार, दोघे एकदम आले तर उजवीकडचा आधी. सर्कलवर दोन्हीकडे आत असलेल्याला मान. मात्र उजव्या वाहतुकीच्या देशात सर्कलला घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायचं आणि आत शिरताना डावीकडे पाहायचं. अमेरिकेत लाल सिग्नलला पूर्ण थांबून, कुणी नाही असं पाहून उजवीकडे वळता येतं, पण न्यूयॉर्क शहरात पाटी असल्याशिवाय तेही नाही.

सर्वात नाजूक जागा म्हणजे हिरव्या सिग्नलवर वळण घेताना. तुम्हाला हिरवा असतो तेव्हाच तुम्ही ज्या रस्त्यात वळणार तो ओलांडणाऱ्या पादचाऱ्यालाही हिरवा असतो, आणि हक्क त्याचा. जर्मनी-नेदरलँड्समध्ये भरीला सायकली. उजवीकडे वळताना तुमच्या उजव्या अंगाने सायकलवाला सरळ जात असतो, आणि तो थांबणार नाही. आरशात तो दिसत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे पाहावं लागतं. ही मान वळवायची सवय आपल्याला मुळीच नाही.

अमेरिकेत पिवळी स्कूल बस लाल दिवे उघडझाप करत उभी असेल तर मागच्यांनीच नव्हे, दुभाजक नसल्यास समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. ओलांडून पुढे जाणं फार गंभीर मानतात.

गंमत अशी की उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट देण्याचा नियम आपल्याकडच्या १९८९ च्या वाहतूक नियमावलीतही होता. लायसन्सच्या परीक्षेत कुणी विचारला असेल तर सांगा.

## पाटीवरची भाषा येत नसेल तर?

ही अडचण आपल्याला नवी नाही. कानडी पाट्या अडखळत वाचत हुबळी-धारवाडपर्यंत गाडी हाकणारे कितीतरी मराठी ज्येष्ठ इथे आहेत. अक्षर लागलं नाही तरी आकार, रंग आणि बाण सगळं सांगतात, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. युरोपातल्या पाट्या याच तत्त्वावर बेतलेल्या आहेत. लाल किनारीचा त्रिकोण सावध करतो. लाल किनारीचं वर्तुळ मनाई करतं. निळं वर्तुळ म्हणजे असंच करा. उलटा त्रिकोण म्हणजे वाट द्या. आणि थांबा-पाटीला आठ कोपरे, कारण बर्फाने झाकली किंवा पाठीमागून पाहिली तरी ती ओळखू यावी. अमेरिका वेगळी: तिथे सावधगिरीच्या पाट्या पिवळ्या चौकटीच्या, कोपऱ्यावर उभ्या केलेल्या, आणि पुष्कळ सूचना इंग्रजी शब्दांतच.

पण काही नियम पाटीवर आकड्यात लिहिलेलेच नसतात. जर्मनीत गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली की वेगमर्यादा ५०. कुठेही ५० लिहिलेलं नसतं, गावाचं नाव हाच हुकूम. पुढे त्याच नावावर लाल तिरकी रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं, साध्या रस्त्यावर मर्यादा १००. इंग्लंडमध्ये रस्त्याच्या कडेला दिव्यांचे खांब असतील आणि दुसरी पाटी नसेल, तर मर्यादा ताशी ३० मैल. मैल हेही लक्षात ठेवा: ब्रिटन-अमेरिकेत पाटीवरचा ६० म्हणजे आपले जवळजवळ ९७ किलोमीटर.

"गुगल मॅप सांगेल की!" रस्ता सांगेल, हक्क सांगणार नाही. इटलीतल्या जुन्या शहरांत फक्त स्थानिकांच्या गाड्यांना मुभा असलेले भाग असतात, तिथे कॅमेरे बसवलेले आहेत. मॅपच्या भरवशावर शिरलेल्या पर्यटकांना घरी परतल्यावर दंडाची पत्रं येतात. एकाच भागात तीनदा फिरलात तर तीन पत्रं.

## "पंचवीस वर्षं चालवतोय मी"

ऐकायला बरं वाटतं. पण पंचवीस वर्षांनी जे हातात बसवलंय त्यातलं काही तिकडे उपयोगी आहे आणि काही अडचणीचं. उपयोगी काय? चोर्ला घाट ज्याने पावसाळ्यात, धुक्यात उतरला आहे त्याला आल्प्समध्ये फारसं नवं वाटणार नाही. उतारावर खालचा गिअर ठेवून ब्रेक गरम होऊ न देणं, चढणाऱ्याला आधी वाट देणं, हे त्याला येतं. गुरं, खड्डे आणि उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर सांभाळल्याने नजरही तयार झालेली असते.

अडचणीचं ते सोडायला जाण्याआधीचा महिना पुरतो, आणि त्यासाठी राष्ट्रीय महामार्ग ४८ चांगला आहे. कोगनोळीच्या नाक्यापासून बेळगावपर्यंत या आणि ठरवून एकदाही हॉर्न वाजवू नका. कडेच्या लेनमधून चला, ओलांडण्यापुरतेच आतल्या लेनमध्ये जा, आणि ओलांडून झालं की परत या. जर्मनीतल्या ऑटोबान या महामार्गांवर हाच कायदा आहे: आतली, म्हणजे तिकडे डावीकडची, लेन फक्त ओलांडायला, आणि कडेच्या बाजूने ओलांडायला बंदी. पुढच्या गाडीशी अंतर राखा. तिकडे साधा हिशेब सांगतात: स्पीडोमीटरवर जो आकडा, त्याच्या निम्मे मीटर. ताशी शंभरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच निम्मं अंतर संपलेलं असतं. वंटमुरीच्या घाटात पन्नास मीटर सोडाल तर मध्ये दोन गाड्या घुसतील हे खरं. घुसू द्या, पुन्हा अंतर सोडा. सराव अंतर सोडण्याचा आहे.

मागच्या सीटवरही पट्टा लावायची सवय इथेच लावा. नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसणं तिकडे चालत नाही. जर्मनीत बारा वर्षांखालच्या, १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची सीट लागते. ब्रिटनमध्ये हीच उंची १३५.

अपर लाइट मारण्याचा अर्थही बदलतो. इथे त्याचा अर्थ "मी येतोय, थांब". इंग्लंडमध्ये पुष्कळ चालक तोच दिवा "तुम्ही जा" म्हणून मारतात. आखातातल्या हमरस्त्यावर मागून दिवा मारणारा म्हणतो, "बाजूला हो." अर्थ लागला नाही तर दिव्यावर विसंबून हलू नका.

दारूबद्दल थोडक्यात. भारतातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ८०, स्कॉटलंडमध्ये ५०, अमिरातीत आणि सौदीत थेंबही नाही. चालवायचं असेल त्या दिवशी प्यायची नाही, म्हणजे आकडे पाठ करायला नकोत.

आणि विमानतळावरून थेट स्टिअरिंगवर बसू नका. गोव्याहून किंवा बंगळूरहून निघून, दोन विमानं बदलून न्यूयॉर्कला उतरता तेव्हा तिथे दुपार असली तरी तुमच्या शरीराची मध्यरात्र चालू असते. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, आणि पहिली फेरी उजेडात, ओळखीच्या भागात, भर गर्दीची वेळ टाळून.

## "पकडलं तर दंड भरू"

पोलीस दिसत नाहीत म्हणून पकडत नाहीत असं नाही. कॅमेरा फोटो काढतो, नोटीस भाड्याच्या कंपनीकडे जाते, कंपनी तुमचं नाव कळवते आणि त्या कामाचे वेगळे पैसे तुमच्या कार्डातून वळते करते. दंड वेगळाच. अमिरातीत दुबईच्या रस्त्यावर कॅमेऱ्याची थोडी सूट असते, अबुधाबीने ती २०१८ मध्येच काढली. हद्द ओलांडली आणि तोच वेग ठेवला की दंड.

अमेरिकेत पोलिसाने थांबवलं तर आपल्यासारखं उतरून, कागद घेऊन, "साहेब" म्हणत त्याच्याकडे जायचं नाही. तिकडे ते धोक्याचं मानतात. गाडी उजव्या कडेला घ्यायची, इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. कागद काढायलाही तो सांगेपर्यंत खिशात हात घालू नये. आणि "काहीतरी बघून घ्या" हा सूर लावलात तर साध्या वेगाच्या दंडाचं लाचेच्या गुन्ह्यात रूपांतर होईल.

अपघात झालाच तर निघून जाऊ नका. जर्मनीत पार्किंगमधल्या उभ्या गाडीला ओरखडा आला आणि वायपरखाली चिठ्ठी ठेवून गेलात, तरी तो पळून जाण्याचा गुन्हा ठरू शकतो. मालकाची वाट पाहायची, तो आला नाही तर पोलिसांना कळवायचं. युरोपात आणीबाणीचा नंबर ११२, आपल्याकडचाच. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. त्यानंतरचा फोन भाड्याच्या कंपनीला, कारण उशिरा कळवलं म्हणून विमा नाकारण्याची सोय बऱ्याच करारांत असते.

## "एवढी भानगड असेल तर टॅक्सी बरी"

कित्येकदा खरंच बरी. लंडनच्या मध्यभागात गाडी आणायचा वेगळा कर आहे, २००३ पासून, आणि पार्किंगचे दर त्यावर. पॅरिस, टोकियो, सिंगापूर, इथे तर मेट्रो सोडून गाडी घेणं म्हणजे पैसे देऊन डोकेदुखी विकत घेणं. स्वित्झर्लंडमध्ये लहान गावातही रेल्वे नाहीतर पिवळी पोस्टाची बस पोचते.

गाडी खऱ्या अर्थाने लागते ती न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, आइसलँडमध्ये, स्कॉटलंडच्या डोंगरात, ओमानमधल्या 'वादी' म्हणतात त्या कोरड्या दऱ्यांमध्ये आणि अमेरिकेच्या त्या उपनगरांत, जिथे दुधाची पिशवी आणायलाही दोन मैल जावं लागतं. तिथे जाणार असाल तर लेकीला किंवा जावयाला पहिले दोन दिवस शेजारी बसायला सांगा. भाड्याच्या करारात तुमचं नाव आहे का, त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात तुम्ही बसता का, हे त्यांनाच विमा कंपनीकडून विचारून घ्यायला लावा. घरातली गाडी म्हणून कुणीही चालवावी, असं तिकडे प्रत्येक पॉलिसीत चालत नाही.